डोंगरावरचे गवत आणि विहिरीतील पाणी



पाणीपुरवठा म्हटला की डोळ्यांपुढे धरण, जलवाहिनी आणि उन्हाळ्यातील टँकर उभे राहतात. डोंगरावरचे गवत कोणाच्या ध्यानी येत नाही. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने मात्र पाण्याचा शोध तेथूनच आरंभिला.

हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस. 1972 च्या दुष्काळानंतर माणसे पोटासाठी गाव सोडू लागली. सरपणासाठी आणि गुरांसाठी डोंगर बोडके झाले, पावसाचे पाणी मातीसह वाहून जाऊ लागले, विहिरी आटल्या. गावात दारूच्या भट्ट्या तेवढ्या वाढल्या. अशा स्थितीत 1989 मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले.

शासनाचे साहाय्य मिळाले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रोजगार हमी योजना आणि पुढे आदर्श गाव योजना यांतून माथा ते पायथा अशा क्रमाने समतल चर, बांधबंदिस्ती, नाला बांध व पाझर तलाव झाले. परंतु अशी कामे अन्य शेकडो गावांतही झाली. तेथे चर बुजले, बंधारे गाळाने भरले आणि टँकर पूर्ववत सुरू राहिले. निधी दोन्हीकडे होता. उणीव होती ती नियमाची.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत. गवत विळ्याने कापून घरी न्यायचे. मुळे शाबूत राहिली, माती थांबली, झाडोरा परतला, पाणी मुरू लागले. चाऱ्याबरोबर दूधही वाढले. 1990 च्या दशकाच्या मध्यास दिवसाला सुमारे 150 लिटर असलेले संकलन पुढे 4000 लिटरच्या घरात गेले.

याहून कठीण नियम पुढचा होता. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी यांसारखी अतितहानलेली पिके लावायची नाहीत. ज्याच्या गाठीशी पैसा आहे, त्यालाच हा नियम बोचतो. स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या खर्चाने बोअर घेण्यास गावाने का अडवावे, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर भूगर्भात आहे. खडकातील पाण्याला शेताचा बांध ठाऊक नसतो. एकाची खोल बोअर शेजाऱ्याची विहीर कोरडी पाडते. खोल विहिरींवर बंधन घालणारा राज्याचा 2009 चा भूजल अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. हिवरे बाजारने ती वाट कायद्याच्या कितीतरी आधी धरली होती. कायदा असूनही बोअरची गाडी रात्री गावात शिरतेच. तिला वेशीवर अडवू शकेल ती ग्रामपंचायतच.

पोपटरावांसारखा नेता प्रत्येक गावाला लाभत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तीही त्यांच्या अनेक वर्षांच्या चिकाटीमुळे. पण जलसंधारणाचा विषय 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या कार्यसूचीत घातला आहे. तो अधिकार वापरण्यास पद्मश्री लागत नाही.

पाण्याचा ताळेबंद ही या गावाची आणखी एक देणगी. पेढीवर बसणाऱ्यांना ती लगेच उमगेल. पाऊस किती झाला आणि विहिरींची पातळी कोठे आहे, ही जमेची बाजू. माणसे, गुरे आणि पिके हा खर्च. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बीचा विचार करायचा. 2012-13 च्या दुष्काळातही गावाला टँकर मागवावा लागला नाही. त्याआधीच ग्रामसभेत आकडे मांडले गेले होते, आणि कोणते पीक घ्यायचे नाही हे शेतकऱ्यांनी पेरणीपूर्वीच ठरविले होते.