गेंड्याचा लिलाव आणि आपले पहिले शील

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात अभ्यास मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला विहार कसे उभे राहिले, कोणी विटा दिल्या, कोणी घाम गाळला, हे सांगण्याची आपली रीत आहे. ते काम आज वडीलधारी मंडळी करणारच आहेत. आम्ही अभ्यास मंडळातील पाच-सहा जण मात्र एक प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. हा प्रश्न आमचा नाही. आपल्या रविवारच्या धम्मवर्गातल्या, सहावीत शिकणाऱ्या एका मुलीचा आहे.

त्या दिवशी पंचशीलाचा पाठ चालला होता. पहिले शील म्हणजे प्राण्याची हत्या न करणे, असे आम्ही सांगत होतो. मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "दादा, आफ्रिकेत गेंडा मारायचा परवाना लिलावात विकतात आणि त्या पैशात बाकीचे गेंडे वाचवतात. मग एक मारून दहा वाचले, तर शील मोडलं का?"

खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर देता आले नाही. "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही पाठ सोडीना. मग आम्ही मिळेल ते वाचले, आपसात वाद घातला, थोडे भांडलोही. त्याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम घटना काय आहे ती पाहू. आफ्रिका खंडाच्या नैऋत्येला नामिबिया नावाचा देश आहे. महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा, पण बराचसा वाळवंटी. 2023 च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे तीस लाख भरली. तेथे काळा गेंडा राहतो. 1970 च्या सुमारास आफ्रिकेत हे गेंडे सुमारे 65,000 होते. शिंगासाठी त्यांची एवढी कत्तल झाली की 1990 च्या दशकाच्या मध्यावर अडीच हजारही उरले नाहीत. आज ते पुन्हा सहा हजारांवर गेले आहेत आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश एकट्या नामिबियात आहेत.

वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइट्स' नावाचा करार आहे. त्या कराराखालील देशांनी 2004 साली नामिबियाला वर्षाला पाच काळे नर गेंडे शिकारीसाठी देण्याची मुभा दिली. त्यातील एक परवाना जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेत डॅलस सफारी क्लबने लिलावात काढला. बोली गेली 3,50,000 डॉलरवर, म्हणजे त्या वेळच्या दराने दोन कोटी रुपयांहून जास्त! जगभर निषेध झाला, घेणाऱ्याला जिवाच्या धमक्या आल्या. मे 2015 मध्ये त्याने नामिबियात जाऊन तो गेंडा मारला. पैसा गेंड्यांच्या संरक्षणासाठी तेथील सरकारच्या निधीत जमा झाला.

आता तुम्ही म्हणाल, वाचवायचा तोच प्राणी मारायचा, हे कसले संरक्षण? त्यावर तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे असे. गेंड्याचा म्हातारा नर प्रजननाच्या कामाचा राहत नाही, पण आपली हद्द सोडत नाही. तरुण नरांशी झुंजतो, प्रसंगी त्यांना ठार करतो. कधी माद्या आणि पिल्लेही त्याच्या तावडीत सापडतात. गेंड्याची मादी सुमारे पंधरा महिने गाभण राहते आणि अडीच-तीन वर्षांतून एकच पिल्लू देते. म्हणून असा एक म्हातारा नर काढला तर कळप वाढतो, आणि पहारेकरी, गाड्या, पेट्रोल यांचा खर्चही निघतो. पहारा तर हवाच. 2022 या एका वर्षात नामिबियात चोरट्या शिकाऱ्यांनी काळे-पांढरे मिळून 87 गेंडे मारले.

इथपर्यंत वाचल्यावर आमच्यात दोन तट पडले. एक गट म्हणाला, हिशेब सरळ आहे, एकाचा जीव जातो आणि अनेकांचा वाचतो. दुसरा गट म्हणाला, दारूच्या गुत्त्याचा लिलाव करून त्या पैशात शाळा चालवली, तर दारू पवित्र होते का? भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मग जीव घेण्याचा हक्क बोली लावून विकणे हा कुठला सम्यक आजीव?

वाद मिटेना, तेव्हा आम्ही बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ उघडला. अहिंसेविषयी बाबासाहेबांनी तेथे फार मोलाचा भेद दाखवला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. जेथे निव्वळ मारण्याची इच्छा आहे, ती हत्या बुद्धांनी निषिद्ध मानली. शिवाय अहिंसा हे तत्त्व आहे, ठोकळ नियम नाही. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व माणसाला विचार करायला लावते.

ही फुटपट्टी घेऊन लिलावाकडे पाहिले तेव्हा गाठ थोडी सुटली. त्या व्यवहारात दोन पक्ष आहेत. पैसे मोजणाऱ्याला गेंडा मारण्याची काही गरज नव्हती. त्याच्या घरी चूल पेटायची राहिली नव्हती. ती निव्वळ इच्छा. तिला आपण शीलाच्या कक्षेत बसवू शकत नाही, मग बोली कितीही मोठी असो. दुसरा पक्ष त्या भूमीतल्या माणसांचा. त्यांची गरज आहे. ती किती खरी आहे, हे समजण्यासाठी तेथील इतिहास पाहावा लागतो, आणि तो इतिहास ऐकला की आपल्याला आपलेच काही आठवेल.

नामिबिया 1990 साली स्वतंत्र झाला. त्याआधी तेथे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारचे राज्य होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्या सरकारने गोऱ्या शेतमालकांना आपल्या शेतावरील हरणा-काळविटांवर हक्क दिला. शिकार करा, मांस विका, पाहुणे आणा. काळ्या लोकांच्या सामाईक जमिनीवर मात्र तोच प्राणी सरकारचा! पीक हत्तीने तुडवावे, शेळी बिबट्याने न्यावी, आणि काळ्या माणसाने हरीण मारले तर तो गुन्हेगार. पाणवठा एक, पण हक्क गोऱ्याचा! बंधू-भगिनींनो, महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

1980 च्या दशकात तेथील वायव्य भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार यांनी प्राणी संपत आले. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ या कार्यकर्त्याने गावप्रमुखांशी बोलणी केली. गावांनी आपलीच माणसे पहारेकरी नेमली. त्यांतले काही तर पूर्वी स्वतः चोरून शिकार करणारे होते. स्वातंत्र्यानंतर 1996 साली कायदा बदलला. सामाईक जमिनीवरील लोकांनी एकत्र यावे, हद्द ठरवावी, समिती निवडावी, म्हणजे त्यांना वन्यप्राण्यांवर आणि त्यांतून येणाऱ्या पैशावर हक्क मिळेल, अशी सोय झाली. 1998 पासून अशा संस्था नोंदल्या गेल्या. पुढे त्यांची संख्या 86 झाली आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्या देखरेखीखाली आली. पर्यटनातून पैसा येतो तसा शिकारीच्या परवान्यांतूनही येतो, आणि मारलेल्या प्राण्याचे मांस गावात वाटले जाते.

लिलावाची दुसरी गोष्ट आपल्या शेजारची आहे. पाकिस्तानच्या डोंगरात मारखोर नावाची पिळदार शिंगांची रानबकरी राहते. तेथे दरवर्षी मोजकेच परवाने लिलावात निघतात. 2024 च्या हंगामात चित्रालमधील एका परवान्याला 2,71,000 डॉलर आले. त्यातील 80 टक्के गावकऱ्यांना आणि 20 टक्के सरकारला, असा वाटा ठरलेला आहे. जी बकरी दिसताच लोक मारीत होते, तिची आता गावच राखण करते. मारखोरची परिस्थिती सुधारली म्हणून 2015 साली धोक्याच्या यादीतील तिचा दर्जाही बदलण्यात आला.

मग शिकार बंद करणाऱ्या देशांचे काय झाले? केनियाने 1977 साली शिकारीवर बंदी घातली. पण तेथील मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या त्यानंतरच्या चार दशकांत सरासरी दोन तृतीयांशांनी घटली. बंदीमुळेच घटली असे नव्हे. माणसे वाढली, कुंपणे आली, गुरे वाढली. पण एवढे खरे की नुसत्या बंदीने प्राणी वाचले नाहीत. बोत्सवानाने 2014 साली बंदी घातली, गावांचे उत्पन्न बुडाले, तक्रारी वाढल्या, आणि 2019 साली बंदी उठवली. 2024 मध्ये जर्मनीत शिकारीची शिंगे-कातडी आणण्यावर निर्बंधांची चर्चा निघाली. तेव्हा बोत्सवानाचे तत्कालीन अध्यक्ष मसीसी म्हणाले, वीस हजार हत्ती तुमच्याकडे पाठवतो, त्यांच्याबरोबर राहून दाखवा! बोलणे रागाचे होते, पण त्यात दुखणे होते.

हे दुखणे आपल्याला परके नाही. आपल्या देशात 1972 च्या कायद्याने शिकारीला आळा बसला, आणि ते योग्यच झाले. पण आपल्या वस्तीत चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडची घरे आहेत. त्यांना विचारा. वाघ वाचल्याचा आनंद शहरात होतो आणि मोहफुले वेचायला गेलेल्या बाईची वाट घरची माणसे बघत बसतात.

म्हणून आम्हाला शेवटी सम्राट अशोकाकडे जावे लागले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रातच, सोपाऱ्याला सापडला. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उजेडात आणला. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखाचा विषय काय आहे माहीत आहे? शिकार! पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रेला निघत आणि शिकार करीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना दान द्यायचे, आणि जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलायचे.

बघा, यात दोन गोष्टी आहेत. राजाने धनुष्य खाली ठेवले ही एक. आणि तो खेड्यातल्या माणसाच्या दारात गेला ही दुसरी. आपण पहिली लक्षात ठेवतो, दुसरी विसरतो. शिकार बंद करणे हे अर्धे काम आहे. रानाशेजारी राहणाऱ्या माणसाला भेटून त्याचे पोट, त्याचा हक्क, त्याचा मान पाहणे हे उरलेले अर्धे. नामिबियाने हे दुसरे अर्धे आधी हाती घेतले आहे, पहिले अजून बाकी आहे. कित्येक देशांनी पहिले अर्धे करून हात झटकले.

तेव्हा त्या मुलीला आमचे उत्तर असे. बाळ, बंदूक चालवणाऱ्याने शील मोडले. पैसा चांगल्या कामाला गेला म्हणून त्याची मौज पुण्य होत नाही. हा सम्यक आजीवही नव्हे. पण ज्या गावाने तो परवाना विकला, त्याला लांब बसून पापी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या गावाला बंदुकीशिवाय तेवढेच उत्पन्न मिळेल अशी सोय करण्याआधी "बंद करा" म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या उपाशी पोटावर आपले शील पाळणे होय. साडेतीन लाख डॉलर देऊ शकणारा माणूस ते गोळी न झाडताही देऊ शकतो. तसे देणारे वाढतील, त्या दिवशी लिलावाची गरज संपेल. आणि लिलाव कुठेही होवो, प्रश्न एकच विचारायचा: पैसा कोणाच्या हातात गेला, आणि तो वाटताना त्या गावातला शेवटचा माणूस बैठकीला होता का?

आमच्यात अजूनही एकमत झालेले नाही. दोघांना हे उत्तर मिळमिळीत वाटते. त्यांनी पुढच्या रविवारी धम्मवर्गात आपली बाजू मांडायची आहे आणि ती मुलगी अध्यक्षस्थानी बसणार आहे! आपणही मुलांना घेऊन यावे. विहार वंदनेसाठी आहे तसे प्रश्न विचारण्यासाठीही आहे. मुलांनी असे अडवणारे प्रश्न विचारावेत आणि मोठ्यांनी ते टाळू नयेत, एवढीच वर्धापनदिनी अपेक्षा व्यक्त करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!