नोंद कोणाच्या हाती?

(छत्रपती संभाजीनगर येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर 'दूरस्थ नोंद व देखरेख' असे छापले आहे. ते वाचून हा विषय इंजिनिअरांचा आहे, आपला नव्हे, असे काहींनी मनाशी ठरविले असेल तर त्यात नवल नाही. परंतु वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथे काम करणाऱ्या बहुतेकांनी ही वस्तू पाहिलेली आहे. भिंतीवर टांगलेली एक लहानशी पेटी असते. एका बाजूने तापमान, दाब अथवा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाची तार तिच्यात शिरते. आत मोबाइलमध्ये असते तसेच सिमकार्ड असते. दर काही मिनिटांनी ती एक आकडा टिपते, स्मरणात ठेवते आणि दूरच्या संगणकाकडे धाडते. ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली गेली की साहेबाच्या फोनवर संदेश जातो. कामगार तिला 'लॉगर' म्हणतात. मीही तेच म्हणेन.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. लॉगर येण्यापूर्वी नोंदी वहीत होत. दर तासाला जायचे, काटा पाहायचा आणि आकडा लिहायचा. एका रात्रपाळीत पहाटे दोनच्या सुमारास मी बॉयलरची वही उघडली, तेव्हा सकाळी सहापर्यंतचे आकडे तीत वळणदार अक्षरांत भरून ठेवलेले दिसले. लिहिणारा माझा मित्रच होता. त्याला सलग दुसरी पाळी करावयास लावले होते आणि तासातासाला जिने चढण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. मी त्या पानावर सही केली. हे सांगताना मला अभिमान वाटत नाही. पुढे जेव्हा पहिला लॉगर बसला तेव्हा मला खरोखर बरे वाटले होते, आणि त्या समाधानाला मी आजही चूक म्हणणार नाही. यंत्राला झोप येत नाही आणि दुसऱ्या पाळीची सक्तीही त्याला बाधत नाही. यंत्राचा द्वेष करणे हे आपल्या विचारात बसत नाही. ते कोणाच्या हुकमतीत चालते, हे विचारणे मात्र बसते.

या उपकरणांच्या रचनेतली एक गोष्ट सांगतो. ती मला नेहमीच मोठी शहाणपणाची वाटत आली आहे. मोजमाप करणारे उपकरण तारेतून जो विद्युतप्रवाह पाठविते तो शून्यापासून सुरू होत नाही. तो ४ मिलिअँपिअरपासून २० मिलिअँपिअरपर्यंत असतो. टाकी पूर्ण रिकामी असली तरी ४ येतात. शून्य आले तर त्याचा अर्थ टाकी रिकामी असा नसून तार तुटली असा होतो. 'काही नाही' आणि 'मला काही कळत नाही' या दोन उत्तरांत चांगले उपकरण गल्लत करीत नाही. आपल्या सरकारी अहवालांना हा गुण लाभला असता तर बरे झाले असते.

परंतु उपकरण कितीही शहाणे असले तरी त्याचे ऐकणारे कोणी हवे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात टाकीचा दाब वाढल्याचे अकराच्या सुमारास नियंत्रण कक्षातल्या काट्याने दाखविले होते. तेथील कामगारांना बिघडलेल्या काट्यांची इतकी सवय झाली होती की त्या आकड्याचा धसका कोणी घेतला नाही. टाकी थंड ठेवणारे शीतयंत्र त्या वर्षीच्या जूनपासून बंद होते. देखभालीवरचा खर्च कापीत गेले की मोजमापावरचा विश्वासही कसा कापला जातो, याचे याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. वाळूज येथील एका मोठ्या औषध कारखान्याच्या मालावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१३ मध्ये आयातबंदी घातली. तपासनिसांचे आक्षेप मुख्यतः नोंदींच्या विश्वासार्हतेविषयी होते. मूळ नोंदींचे फाडलेले कागद त्यांना कचऱ्यात सापडले होते. इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबत अमेरिकेने १९९७ साली नियम केला. तो असा, की नोंद बदलली तर कोणी बदलली, केव्हा बदलली आणि आधी काय होते, हे सारे संगणकात कायम राहिले पाहिजे. जुना आकडा पुसता कामा नये. त्या देशाला माल विकणाऱ्या औषध कारखान्यांना हे पाळावेच लागते. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या शीतगृहात तापमान दोन अंशांनी चढले, तर त्या दोन अंशांचा हिशेब वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो.

हे उत्तमच आहे. परदेशातील रुग्णाला शुद्ध औषध मिळावे याबद्दल आपली तक्रार असण्याचे कारण नाही. २ ते ८ अंशांत ठेवावयाच्या लसींसाठी असेच लॉगर आपल्या सरकारी शीतसाखळीतही बसविले गेले आहेत आणि त्यांचा उपयोग मोठा आहे.

मात्र त्याच आवाराच्या दुसऱ्या टोकाला, जेथून सांडपाणी बाहेर पडते तेथे, दुसरा एक लॉगर असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये आदेश काढून अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धूर यांची अखंड स्वयंचलित नोंद ठेवून ती मंडळांच्या संगणकांकडे पाठविणे सक्तीचे केले. औषधनिर्मिती आणि मद्यार्क हे दोन्ही त्या यादीत आहेत, आणि दोन्ही आपल्या जिल्ह्यात आहेत. आदेश चांगला आहे. त्याची अंमलबजावणी मात्र बारकाईने पाहावी लागते. पाण्यातील सेंद्रिय घाणीची जी चाचणी प्रयोगशाळेत २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते, तिचे उत्तर नळकांड्यातले उपकरण काही मिनिटांत देते. म्हणजे ते घाण प्रत्यक्ष मोजीत नाही. पाण्यातून प्रकाश किती शोषला गेला यावरून अंदाज बांधते. तो अंदाज वारंवार प्रयोगशाळेशी ताडून पाहावा लागतो. ताडून पाहणारा कारखान्याच्या पगारावर असेल, तर काय होईल? शिवाय मोजणारी कांडी नाल्यातून काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडविली, तर दूरच्या संगणकाला ते कळण्याचा मार्ग कोणता? तो संगणक आकडा पाहतो, बादली पाहत नाही. बादली दिसते ती तेथल्या हेल्परला, आणि तो बहुधा कंत्राटी असतो.

एकाच कुंपणाच्या आत या दोन नोंदी आहेत, साथींनो. मालाची नोंद पुसता येत नाही, कारण माल घेणाऱ्याच्या हाती दार बंद करण्याची सत्ता आहे. सांडपाण्याची नोंद सैल राहू शकते, कारण ते ज्यांच्या वाट्याला येते ते गिऱ्हाईक नव्हेत. खाम नदी डोंगरातून येते, शहरातून जाते, वाळूजच्या बाजूने पुढे गोदावरीला, नाथसागराकडे जाते. त्याच नाथसागराचे पाणी हे शहर पिते. रांजणगाव, जोगेश्वरी या भागांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे हजारो कामगार दिवसा ज्या कारखान्यांत राबतात, त्यांच्याच पाण्याची चिंता रात्री करतात. पण त्या लॉगरचा आकडा त्यांच्यापैकी कोणाच्या फोनवर येत नाही.

हा आकडा मागण्याचा अधिकार मात्र आहे. पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल दिला. त्यात राज्यांच्या प्रदूषण मंडळांनी या अखंड नोंदी आपल्या संकेतस्थळावर जनतेपुढे मांडाव्यात असेही सांगितले. तो निकाल वकिलांना ठाऊक आहे. आपल्या शाखांतून त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही, आणि हा दोष मी इतरांवर ढकलीत नाही. मी स्वतः तो उशिराच वाचला.

मोजमाप हाती असले म्हणजे काय होऊ शकते, हे या शहराने एकदा पाहिले आहे. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले जात असताना, उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने एप्रिलमध्ये मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के आणि पुढे मे महिन्यात ६० टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांवरही कमी प्रमाणात कपात आली. निम्मे पाणी तोडायचे तर पूर्ण पाणी किती, हे आधी माहीत असावे लागते. मीटर नसता तर तो आदेश कागदावरची सदिच्छा ठरला असता. भूजल उपसणाऱ्या उद्योगांना दूरवर आकडा पाठविणारे मीटर बसविणे २४ सप्टेंबर २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने बंधनकारक झाले आहे. तेव्हा पुढच्या दुष्काळात विहिरींचा प्रश्नही आपल्याला आकड्यानिशी मांडता येईल, अर्थात तो आकडा आपल्यापर्यंत आला तर.

लॉगरचे तिसरे एक काम आहे आणि ते आपल्या सभासदांना सर्वांत जवळून ठाऊक आहे. यंत्र किती मिनिटे थांबले, एका नगाला किती सेकंद लागले, हे तीच पेटी त्याच तारेवरून साहेबाच्या पडद्यावर नेते. यंत्र थांबले म्हणून जो लाल आकडा दिसतो, त्यापुढे कामगाराचे नाव असते. कच्चा माल आला नव्हता, साचा झिजला होता, किंवा बाईला पाणी प्यायला जायचे होते, हे त्या रकान्यात मावत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने जो कायदा केला, त्यातही नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. म्हणजे ज्याच्या हालचालींची नोंद होते, त्याची परवानगीही येथे लागत नाही.

आणि ज्या जागी नोंद हवी तेथे काय स्थिती आहे? ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधील हातमोजे बनविणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. तेथे कोणती उपकरणे होती वा नव्हती, याबद्दल मी बोलत नाही. मी एवढेच म्हणतो की धूर ओळखून दूरवर इशारा देणारे उपकरण हे लॉगरच्या कुळातलेच आहे, आणि शीतगृहातील मालासाठी ते विद्या पणाला लावून बसविणाऱ्या उद्योगजगताला माणसे कोठे झोपतात याची नोंद ठेवणे अशक्य नाही.

शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीत पाणी, वीज, सांडपाणी यांवर एका नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवण्याची योजना आहे. त्याच सुमारास दुसरे एक स्थित्यंतर घडत आहे, ते ध्यानात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांमध्ये कारखाना निरीक्षकाचा 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाला आहे, आणि संगणकावरून तपासणी करण्याची, माहितीही त्याच मार्गाने मागविण्याची तरतूद आहे. निरीक्षक दारात येणे कमी झाले आणि त्याच्याऐवजी मालकाने पाठविलेला आकडा आला, तर आपण माझ्या मित्राच्या त्या वहीकडे परत गेलो असे होईल. फक्त अक्षर आणखी सुंदर असेल.

तरीही त्याच संहितेत आपल्या उपयोगाचे एक कलम आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्य व सुरक्षितता यांविषयीची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. सुरक्षाविषयक संहितेच्या १४ व्या कलमात तो हक्क टिकून आहे. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, असेही ती संहिता म्हणते. वायूगळती, उष्णता, धूळ, आवाज यांचे लॉगरमधील आकडे ही आरोग्याची माहिती नव्हे, असे कोणता मालक कोणत्या तोंडाने म्हणेल?

म्हणून आजच्या वर्गानंतर तीन कामे घेऊन जावीत, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या कारखान्यात सुरक्षा समिती आहे त्यांनी पुढच्या बैठकीत मागील तीन महिन्यांच्या नोंदी, बदललेल्या आकड्यांसह, लेखी मागाव्यात. उपकरण प्रयोगशाळेशी शेवटचे केव्हा ताडून पाहिले, त्याचा दाखलाही त्यासोबत मागावा. अनुभवाने सांगतो, अडखळतात ते येथेच. दुसरे काम ग्रामपंचायतींचे. प्रदूषण मंडळाच्या येथील प्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज करून आपल्या शिवाराच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नोंदी मागायच्या आणि ज्या दिवशी आकडाच आलेला नाही असे दिवस वेगळे काढायचे. तिसरे काम अवघड आहे. ज्या कंत्राटी कामगाराला बादली दिसते, त्याने ती सांगितली तर त्याची नोकरी जाणार नाही, एवढी हमी युनियनने द्यावयाची आहे. कायम कामगारांच्या युनियनांनी हे काम आजवर टाळले आहे. त्यावर आज येथे स्पष्ट बोलणे व्हावे.

दोन्ही अर्जांचे मसुदे मागच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रती थोड्या आहेत. ज्यांच्या गावाला खाम लागून आहे त्यांनी आधी घ्याव्यात.