गावाचा बिनतारी पाणवठा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



गावातील मोफत सार्वजनिक वाय-फाय या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी केंद्रप्रमुखांनी आज्ञा केली. विषय यंत्राचा असला तरी मी यंत्रज्ञ नव्हे, आपल्यापैकीच एक शिक्षक आहे. म्हणून प्रारंभी एका चुकीची कबुली देतो. आजच्या माझ्या सांगण्याचे बीज तिच्यातच आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या गावी होतो, तेथील ग्रामपंचायतीच्या कचेरीवर वाय-फायची पेटी बसली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पहिले दोन महिने संध्याकाळी कचेरीच्या कट्ट्यावर मुलांची दाटी होत असे. पुढे एके दिवशी पेटीवरचा दिवा विझला. सरपंचांना वाटले, पेटी बसविणारे येऊन पाहतील. त्यांच्याकडे तर तक्रारच पोहोचली नव्हती. आणि मला वाटले, हे काम शाळेचे नव्हे. त्याच सुमारास पाचवीतील एका मुलीचा नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, म्हणून मी थांबलो. अखेरच्या दिवशी तिच्या वडिलांना घेऊन तालुक्याला गेलो, तो तेथे एवढी गर्दी की आमची पाळी येण्यापूर्वीच मुदत टळली. नंतर वायरमनने पाहिले, तेव्हा पेटीला वीज पुरविणारा अडॅप्टर तेवढा जळालेला आढळला. वस्तू काही शे रुपयांची होती, पण ती कोणी आणावयाची हे ठरलेले नव्हते. ती मुलगी किंवा तिचे वडील मला कधी काही बोलले नाहीत; परंतु तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी मनावर ठसल्या आहेत. मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे, आणि सार्वजनिक म्हणजे बेवारशी नव्हे. गावच्या पाणवठ्यावर पाणी भरणाऱ्याकडून कोणी पैसा घेत नाही. तरीही विहिरीतला गाळ काढावा लागतो, रहाट दुरुस्त करावा लागतो, कठडा बांधावा लागतो. ज्या गावाने ही कामे वाटून घेतली त्या गावाची विहीर टिकली. वाय-फाय हा आजच्या काळातील बिनतारी पाणवठाच होय.

बिनतारी यंत्र गावात येण्याची आपल्या महाराष्ट्रातील ही पहिली वेळ नव्हे. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांच्या सहकार्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन झाली. मंडळाचे सभासद आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करीत. पुढे या प्रयोगाची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. मंडळे असलेल्या गावांची तुलना रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांशी आणि रेडिओच नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले होते. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ अल्प होती. ऐकलेल्या गोष्टीवर एकत्र बसून विचार करणारी माणसे जेथे होती, तेथेच ते यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडले.

आता परदेशातील एक उदाहरण पाहू. स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतात ओसोना नावाचा ग्रामीण परगणा आहे. वस्ती विरळ असल्यामुळे टेलिफोन कंपन्यांना तेथे वेगवान इंटरनेट नेणे परवडत नव्हते. २००४ साली रमोन रोका नावाच्या गृहस्थांनी शेजाऱ्यांच्या साहाय्याने वाय-फायच्या बिनतारी जोडण्या उभारण्यास आरंभ केला. एका घराच्या छपरावरील अँटेना दुसऱ्या घराशी, दुसरी तिसऱ्याशी, अशी ती साखळी वाढत गेली. तिला ‘गुईफी’ असे नाव पडले. तिचा मूळ नियम साधा आहे : जो कोणी जोडला जाईल त्याने आपल्या जोडणीतून इतरांचाही संदेश पुढे जाऊ द्यावा. हे नियम लेखी आहेत. २००८ साली कारभारासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले; पुढे या लोकांनी काचतंतूच्या तारादेखील स्वतः टाकल्या. आज या जाळ्याची केंद्रे तीस हजारांहून अधिक आहेत, आणि २०१५ साली युरोपीय आयोगाने या कार्याचा पुरस्कार देऊन गौरव केला. तेथेही खर्च कोणाला चुकलेला नाही. जे व्यावसायिक या जाळ्यावर उपजीविका करतात, त्यांना त्याच्या देखभालीचा वाटा उचलावा लागतो. जाळे सर्वांचे आहे, म्हणूनच त्याचा हिशेब सर्वांपुढे मांडला जातो.

असाच प्रयत्न आपल्या पालघर जिल्ह्यातही झाला. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प सिद्ध झाला. काचतंतूची तार जेथे येऊन थांबते तेथून आसपासच्या पाड्यांपर्यंत इंटरनेट न्यावयाचे कसे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी दूरदर्शन-प्रक्षेपणातील न वापरलेल्या लहरींचाही उपयोग करून पाहिला. या लहरी वाय-फायच्या लहरींहून लांब असल्यामुळे झाडाझुडपांतून अधिक सुलभतेने जातात. २०१७ साली या प्रकल्पास मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यातील योजना. शासन आणि व्यावसायिक यांच्या जोडीला ग्रामपंचायतीला भागीदार करावे, आणि देखभाल गावातील तरुणांच्या हाती द्यावी, असा तिचा आग्रह आहे.

दात्यावर सर्वस्वी विसंबणे किती धोक्याचे, याचाही दाखला आपल्याजवळ आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेलटेल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले. २०१८ पर्यंत ते चारशे स्थानकांवर पोहोचले. त्याच वर्षी एर्नाकुलम स्थानकावरील एक हमाल त्या वाय-फायवर अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. २०२० साली गूगलने या कामातून अंग काढून घेतले. रेलटेल ही रेल्वेचीच संस्था असल्यामुळे स्थानकांवरील सेवा पुढे चालू राहिली. दाता निघून गेल्यावर सेवा सांभाळणारा कोणी गावात असेल काय, हा प्रश्न आपण नारळ फोडण्यापूर्वीच विचारला पाहिजे.

आता यंत्राविषयी थोडेसे. इंटरनेट आकाशातून पडत नाही. ते प्रथम तारेने किंवा मनोऱ्यावरून गावात यावे लागते. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तार आल्यावर वाय-फायची पेटी तेच इंटरनेट लहरींच्या रूपाने भोवताली पसरविते. उघड्या जागी तिची हाक साधारणतः काही दशक मीटरांपर्यंत पोहोचते, जाड दगडी भिंतीपलीकडे ती क्षीण होते. म्हणून पेटी कपाटात कुलूपबंद न ठेवता उंचावर, मोकळ्या दिशेला तोंड करून बसवावी. दूरची वाडी जोडावयाची असेल तर दिशादर्शी अँटेना समोरासमोर लावतात, आणि मध्ये झाड वा टेकडी आड येणार नाही असे पाहतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेनुसार गावातील किराणा दुकानदारालाही परवाना-शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालविता येते. मात्र ते आपोआप मोफत होत नाही. गावकऱ्यांना ते मोफत द्यावयाचे तर त्याचा भार कोणी तरी, बहुधा पंचायतीने, उचलावा लागतो.

यात शिक्षकाने काय करावे? आपल्यावर आधीच कामांचे ओझे आहे, हे मी जाणतो. पेटीची दुरुस्ती शिक्षकाने करावी असे मी सुचवीत नाही. ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे.

पहिला : दरमहाचे देयक आणि वीज यांचा खर्च कोणत्या निधीतून होणार, आणि तो अंदाजपत्रकात लिहिला आहे काय?

दुसरा : दिवा विझला तर चोवीस तासांच्या आत पाहणारी व्यक्ती कोण? तिचे नाव व मोबाईल क्रमांक भिंतीवर लिहावा. एक जादा अडॅप्टर कचेरीत नेहमी ठेवावा.

तिसरा : पेटी कोठे बसणार? जेथे स्त्रिया आणि मुली संध्याकाळी निःसंकोचपणे बसू शकतील, उजेड असेल, पाऊस लागणार नाही, अशी जागा निवडावी. पुष्कळदा ती जागा शाळेचा व्हरांडाच असते. कट्ट्यावर केवळ तरुण मुलांचा घोळका बसत असेल तर ते वाय-फाय नावाचेच सार्वजनिक राहील.

चौथा : त्याचा वापर कोणत्या नियमांनी होणार? वापरणाऱ्याची ओळख मोबाईल क्रमांकाने पटवून घेण्याची रीत पाळावी, आणि शाळेच्या कामकाजाची स्वतंत्र जोडणी सर्वांना खुली करू नये. खुल्या जाळ्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे पालकसभेत पुन्हा पुन्हा सांगावे.

आणि या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर १९५६ च्या श्रवणमंडळांचे स्मरण ठेवावे. आठवड्यातून एक तास व्हरांड्यात मुले व पालक एकत्र बसवावेत. कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, कोणी बाजारभाव पाहावा, कोणी सातबाऱ्याचा उतारा काढावा, आणि पाहिलेले इतरांस समजावून द्यावे. जी मुलगी आपल्या आजीला सातबारा वाचून दाखविते, तिला वाचनाचे प्रयोजन वेगळे शिकवावे लागत नाही.

टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, इंटरनेटची लहर मिळावी म्हणून सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने डोंगरावर खोपटे उभारून अभ्यास केल्याचे आपण वाचले आहे. तिच्या जिद्दीला आपण सर्वांनी नमस्कार केला. परंतु ज्ञानासाठी लेकरांना डोंगर चढावा लागू नये, याची काळजी वाहणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आपण आपापल्या गावी परताल तेव्हा प्रथम त्या पेटीकडे दृष्टी टाका. दिवा लागलेला असेल तर तो कोणाच्या काळजीने लागला आहे, हे विचारा. विझलेला असेल तर उद्यापर्यंत थांबू नका. मी थांबलो होतो.