न थांबणारी वही आणि तिची साफसफाई

दहिसरच्या फलाटावर पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत लोकलगाड्यांची ये-जा चालू असते. रुळांची मोठी दुरुस्ती निघाली, तर पश्चिम रेल्वे बहुधा रविवारीं ‘जंबो ब्लॉक’ घेते. परंतु संगणकांतील कित्येक नोंदवह्यांना, म्हणजे डेटाबेसांना, रविवारच नसतो. त्यांची साफसफाई व्हावी कशी?

‘पोस्टग्रेस’ हा डेटाबेस बर्कले येथील विद्यापीठांत 1986 सालीं आरंभिलेल्या प्रकल्पांतून निघाला. त्यांत एखादी ओळ बदलली कीं जुनी ओळ लागलीच पुसली जात नाहीं. नवी प्रत निराळी लिहिली जाते, कारण त्याच क्षणीं दुसरा कोणी जुनी वाचीत असूं शकतो. सोय मोठी, पण मृत ओळींची अडगळ सांचत जाते, आणि डिस्क भरली कीं नव्या नोंदी बंद पडतात. घाबरून जुन्या ओळी खोडाव्या, तर त्याही मृत होऊन तेथेंच पडून राहतात.

‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा काम न थांबवितां ती जागा मोकळी करते; मात्र ती बहुधा त्याच तक्त्याच्या नव्या नोंदींस मिळते, डिस्कला नव्हे. ‘व्हॅक्यूम फुल’ जागा परत देते, पण तोंपर्यंत तक्ता कुलूपबंद राहतो. हाच तो जंबो ब्लॉक!

‘पीजी-रिपॅक’ या साधनाची युक्ति निराळी. शेजारीं नवा तक्ता भरावयाचा, मधल्या काळांतील बदल टिपून त्यांत चढवावयाचे आणि अखेरीस जुन्याच्या जागीं नवा बसवावयाचा. कुलूप लागतें तें आरंभीं व शेवटीं, थोडा वेळच. मात्र तक्त्यास अनन्य किल्ली हवी, आणि तक्ता व त्याच्या सूची यांच्या सुमारें दुप्पट जागा रिकामी हवी. म्हणून डिस्क भरण्याची वाट पाहणें घातक.

अडगळ सांचूंच न देणें अधिक बरें. 2008 सालच्या 8.3 आवृत्तींत पवन देवलसी यांच्या नांवें नोंदलेली ‘हॉट’ ही सुधारणा आली. बदललेल्या रकान्यांची सूची नसेल व त्याच पानावर जागा असेल, तर नवी ओळ तेथेंच बसते आणि जुनीची जागा लवकर मोकळी होते. आपोआप चालणारा व्हॅक्यूम मूळ मांडणींत सुमारें पंचमांश ओळी मृत झाल्यावर जागा होतो. मोठ्या तक्त्यांसाठीं हें प्रमाण उतरवावें. शिवाय कोणाचा व्यवहार तासन्‌तास उघडा राहूं देऊं नये. तो असेपर्यंत त्यानंतर मृत झालेल्या ओळी हलत नाहींत.

घरांतील केर रोज काढला, तर घर रिकामें करण्याची पाळी येत नाहीं. चालत्या वहीसही हाच न्याय लागू आहे.