विद्यार्थिदशेंतील संशोधन

नाशिकच्या गंगापूर रोडवर के. टी. एच. एम. महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं गणित किंवा संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी संशोधनाला विषय शोधूं लागला कीं त्याची दृष्टि साहजिकच दूरदेशींच्या विद्यापीठांकडे वळते. वास्तविक जवळच देवळाली आहे, आणि तेथें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते.

कापरेकरांच्या संशोधनास विद्यार्थिदशेंतच आरंभ झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत असतांना, १९२७ सालीं, त्यांनीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळविलें. तें परीक्षेंतील गुणांसाठीं नव्हे, तर विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कार्यासाठीं होतें. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभलें नाहीं. तरी शोध चालूच राहिला, आणि १९४९ सालीं त्यांना ६१७४ ही संख्या सांपडली.

तिचा गुण श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन पाहावा. १९२७ हीच संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानें मांडले तर ९७२१, चढत्या क्रमानें १२७९; वजाबाकी ८४४२. हीच क्रिया पुढें चालविली असतां ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेस ६१७४ येते. मग ती हलत नाहीं. चारही अंक सारखे नसले, म्हणजे कोणतीही चारअंकी संख्या फार तर सात खेपांत तेथेंच पोंचते.

आरंभींचीं शून्यें धरून अशा ९९९० संख्या होतात. संगणक त्या क्षणार्धांत तपासील. पण तपासणें म्हणजे उमगणें नव्हे. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतरास ९९९ नें, आणि मधल्या दोन अंकांतील अंतरास ९० नें गुणून बेरीज केली कीं पहिली वजाबाकी मिळते. १९२७ साठीं हीं अंतरें ८ आणि ५. म्हणजे ७९९२ अधिक ४५०. अशा वजाबाक्या अवघ्या ५४ संभवतात. तेवढ्या हातानें तपासल्या कीं सिद्धता पुरी होते. ९९९० वरून ५४ वर येणें, हेंच संशोधन.

कापरेकरांच्या कार्याकडे पुष्कळांनीं दीर्घकाळ करमणूक म्हणून पाहिलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्यें त्यावर लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. तीनअंकी संख्यांत ४९५ ही अशीच स्थिर संख्या आहे. पांचअंकी संख्यांत मात्र एकही नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार करावयास नाशिकच्या विद्यार्थ्यास दूरदेशीं जावें लागत नाहीं.