सही करण्याआधी



वैद्यकीय शिक्षणावरच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींना डॉक्टर होण्यासाठी फिलाडेल्फियाला जावं लागलं. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. आज त्याच परिसरात कळव्याला ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ पासून अंबरनाथला शासकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. कॉलेजं घराजवळ आली. तिथे मुलं काय शिकतात, याची जबाबदारी आपली.

२०१९ मध्ये एमबीबीएसचा १९९७ चा अभ्यासक्रम मागे पडून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पाठांतराइतकंच, रुग्णापाशी प्रत्यक्ष काय करता येतं हे तपासायचं, हा त्याचा गाभा. पहिल्या वर्षापासून रुग्णांशी ओळख, सुरुवातीलाच स्थानिक भाषेचे धडे, संवाद आणि नीतीसाठी ‘एटकॉम’ हा अभ्यासघटक. पहिल्या तुकडीच्या वाट्याला मात्र काही महिन्यांतच टाळेबंदी आली आणि डिसेक्शन मोबाइलवर पाहायची पाळी आली. एमबीबीएसच्या शेवटी होऊ घातलेल्या ‘नेक्स्ट’ परीक्षेचा घोर, २०२३ च्या जुलैत ती पुढे ढकलली जाईपर्यंत, या मुलांच्या मागे होता. २०२४ मध्ये अभ्यासक्रमाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना निघाल्या. समलैंगिकतेविषयीच्या जुनाट मजकुरावर टीका झाली, त्या मागे घेतल्या गेल्या आणि दुरुस्त होऊन पुन्हा आल्या. इतक्या धरसोडीत ही मुलं शिकली, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

त्यांची सगळ्यात मोठी तक्रार लॉगबुकाची, म्हणजे केलेल्या कामावर शिक्षकाची सही घ्यायच्या नोंदवहीची आहे. परीक्षा तोंडावर आली की डिपार्टमेंटबाहेर लॉगबुकं घेऊन रांग लागते आणि एका बैठकीत पानंच्या पानं सह्या होतात. टाके घालताना त्या मुलाचा हात कसा चालतो, हे सही करणाऱ्याने पाहिलेलंच नसतं.

विद्यार्थ्यांना काही कुटुंबं नेमून देणाऱ्या कुटुंब दत्तक उपक्रमातला एक अनुभव एका विद्यार्थिनीने मला सांगितला. घरातल्या आजींचं बीपी वाढलेलं होतं. गोळ्या घेता का, विचारल्यावर ‘घेते की’ म्हणाल्या. हिने डबा बघायला मागितला, तर पट्टी जवळजवळ भरलेली. डोकं दुखलं तरच गोळी घ्यायची, असा आजींचा हिशोब होता. डोकं दुखत नसतानाही बीपी वाढलेलं असतं, हे तिने शेजारी बसून सावकाश समजावलं. पुढच्या भेटीत आजींनी स्वतःहून रिकामी पट्टी दाखवली. लॉगबुकात या सगळ्याची नोंद एवढीच: ‘बीपी मोजले.’ अभ्यासक्रमाला जे हवं होतं, ते या मुलीने केलं, आणि ते पाहायला एकही शिक्षक तिथे नव्हता.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. ओपीडीची गर्दी, रिक्त पदं, वर कागदपत्रं. म्हणूनच माझं म्हणणं आहे, की रुग्णाच्या खाटेपाशी शिकवण्याचा वेळ ड्युटीत धरला जावा आणि रिक्त पदं भरली जावीत. विद्यार्थ्याकडे तीच कुटुंबं वर्षानुवर्षं राहावीत. प्रत्येक कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीत विद्यार्थ्यांचं म्हणणं नोंदवलं जावं.

या मागण्या शासनाकडे जातील, त्याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे. सोमवारी कामावर गेल्यावर पहिलं लॉगबुक समोर येईल, तेव्हा त्या विद्यार्थ्याला वॉर्डात घेऊन चला, त्याचं काम बघा, चुकलं तिथे सांगा, आणि मगच सही करा.