नाताळचा कार्यक्रम आणि पालकांची हरकत

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त शिक्षक, धर्मशिक्षक व पालक यांच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं धर्मगुरूनें बोलावें म्हणजे देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणते फादर या भूमींत झिजून गेले, यांचें गुणसंकीर्तन करावें अशी सर्वांची अपेक्षा असते. तें काम या पुस्तिकेंत इतरांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. शिक्षकवर्गानें आम्हांस जो विषय नेमून दिला तो त्याहून लहान दिसतो. परंतु दरवर्षीं आगमनकाळ जवळ आला कीं तो मुख्याध्यापकांच्या टेबलापुढें येऊन उभा राहतो. "आमच्या मुलास तुमच्या नाताळच्या कार्यक्रमांत घेऊं नका," असें एखादा पालक येऊन सांगतो. त्यास काय उत्तर द्यावें, हा तो विषय होय.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं असा पालक बहुधा आमचा शत्रु नसतो. त्यानें आपलें मूल विश्वासानें आमच्या हातीं दिलेलें असतें, आणि हरकत सांगावयास येतांना त्याचेच पाय जड झालेले असतात. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कार्यालयांत असेच एक गृहस्थ आले. त्यांची कन्या दुसरींत होती व तिला देवदूताचें काम मिळालें होतें. पंखांसाठीं पुठ्ठा व जरीची किनार त्यांनींच आणून दिली होती. ते म्हणाले, "फादर, मुलीनें पंख लावावे, गाणें म्हणावें, याला आमची ना नाहीं. पण तालमींत तिला त्या गोठ्यापुढें गुडघे टेकून हात जोडायला सांगतात. घरीं आजीला तें पसंत नाहीं, आणि खरें सांगायचें तर मलाही नाहीं." इतकें बोलून ते गप्प झाले.

शेजारीं बसलेल्या शिक्षिकाबाई सद्भावनेनें म्हणाल्या, "अहो, हें नुसतें नाटक आहे. मनावर कशाला घेतां?" शाळाशाळांतून हेंच उत्तर दिलें जातें, आणि आमच्या मतें याच्याइतकें वाईट उत्तर दुसरें नाहीं. त्या बालकापुढें गुडघे टेकणें हें आमच्या दृष्टीनें नुसतें नाटक आहे काय? मध्यरात्रीच्या मिस्सेस आमचे वृद्ध थंडींत शाल गुंडाळून येतात व ज्या गोठ्यापुढें वांकतात, तोच गोठा शाळेच्या रंगमंचावर येतांच निव्वळ कागदाचा होतो काय? इ. स. 1223 च्या नाताळांत असिसीच्या संत फ्रान्सिसनें ग्रेच्चो या गांवीं गव्हाण मांडली, गवत पसरलें, बैल व गाढव आणविलें. चेलानोच्या थॉमसनें लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत हा प्रसंग आहे. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली व फ्रान्सिसनें डीकन या नात्यानें शुभवर्तमान गाइलें. आज घरोघर व शाळोशाळीं जे गोठे होतात त्यांचें मूळ असें उपासनेंत आहे. तेव्हां त्या पित्यास जें खटकलें तें खरोखरच तेथें होतें. त्याची दृष्टि बाईंच्या दृष्टीहून तीक्ष्ण होती. आपल्या वंदनास आपणच "नुसतें नाटक" म्हणून दुसऱ्याची समजूत घालूं लागलों, तर एकाच वाक्यांत दोन श्रद्धांचा अवमान होतो, त्याच्या आणि आपल्या.

आतां त्या पित्याचा अधिकार कोठून येतो तें पाहूं. भारताच्या राज्यघटनेचा 28 वा अनुच्छेद, खंड तिसरा, असें सांगतो कीं राज्यानें मान्यता दिलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेंत धार्मिक शिक्षण घेण्यास अथवा उपासनेस उपस्थित राहण्यास कोणासही भाग पाडतां येत नाहीं. संमति असावी लागते, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर ती त्याच्या पालकाची असावी लागते. नाताळचें नाटक उपासना ठरतें कीं नाहीं, यावर वकील मंडळींनीं सुखेनैव वाद घालावा. आम्हांस त्या वादाच्या आडोशास उभें राहावयाचें नाहीं. कारण आमची ख्रिस्तसभा हेंच तत्त्व घटनेच्या कितीतरी आधींपासून शिकवीत आली आहे.

तेराव्या शतकांत संत थॉमस अक्विनास यानें असा प्रश्न घेतला होता कीं, अख्रिस्ती मातापित्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या बालकांस स्नानसंस्कार द्यावा काय? त्याचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. विचारशक्ति येईपर्यंत मूल आईबापांच्या छायेखालीं असतें, जणूं दुसऱ्या एका गर्भाशयांतच. तेथून त्यास ओढून काढणें हा निसर्गसिद्ध न्यायाचा भंग होय, असें तो म्हणतो. येथें क्षणभर थांबावें. स्नानसंस्काराचें मोल थॉमसच्या दृष्टीनें केवढें होतें हें सेमिनरींत पहिलें वर्ष काढलेल्यासही ठाऊक असतें. अशा संस्कारासाठींही तो आईबापांचा हात झिडकारावयास तयार नाहीं. आणि आम्ही पुठ्ठ्याच्या पंखांसाठीं तो झिडकारावा काय?

पुढें 7 डिसेंबर 1965 रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें धर्मस्वातंत्र्याविषयींचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. मुलांस कोणतें धर्मशिक्षण मिळावें हें ठरविण्याचा हक्क मातापित्यांचा आहे, व त्यांच्या श्रद्धेशीं न जुळणाऱ्या पाठांस मुलांना जबरीनें बसविणें हा त्या हक्काचा भंग आहे, हें त्यांत निःसंदिग्धपणें आलें आहे. भारतांतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें 2024 सालीं आपल्या शाळांस ज्या सूचना दिल्या त्यांतही अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर आपल्या धार्मिक परंपरा लादूं नयेत असें बजाविलें आहे. आमचींही मुलें अन्य शाळांत जातातच. तेथें एखाद्या पूजेंत आरतीचें तबक हातीं धरण्याची पाळी आली म्हणजे आमच्याच धर्मग्रामांतील आई चिंतातुर होऊन आमच्याकडे येते. तिला आम्ही सांगतों, "बाई, शिक्षकांना नम्रपणें सांगा, ते ऐकतील." तें सांगण्याचा तिला जो हक्क, तोच या गृहस्थांना आमच्या शाळेंत आहे, त्याहून एक कणही कमी नाहीं.

हक्क मान्य केला. परंतु कार्यक्रमाचें काय करावयाचें? त्या गृहस्थांस आम्हीं दुसऱ्या दिवशीं येण्यास सांगितलें आणि रात्रीं संत लूकचें शुभवर्तमान पुन्हां उघडलें. दुसऱ्या अध्यायांत देवदूत गव्हाणीपाशीं येतच नाहींत. ते रानांत मेंढपाळांस दर्शन देतात, देवाची स्तुति करितात व स्वर्गास परत जातात. गव्हाणीभोंवतीं गुडघे टेकलेले देवदूत चित्रकारांनीं व गोठे करणाऱ्या कारागिरांनीं आणून बसविले. फार सुंदर बसविले, पण बसविले त्यांनीं. मेंढपाळ त्वरेनें जातात, बालकास पाहतात, जें ऐकलें तें सांगतात. त्यांनीं गुडघे टेकल्याचा उल्लेख लूक करीत नाहीं. बालकापुढें पालथे पडून वंदन केल्याचें संत मत्तय सांगतो तें पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांविषयीं, आणि तेंही गोठ्यांत नव्हे, घरांत.

झालें. दुसऱ्या दिवशीं तालमींत देवदूतांची ओळ रंगमंचाच्या डाव्या अंगास, मेंढपाळांच्या शेकोटीपाशीं नेली. गाणें संपलें कीं ते पडद्याआड जात. ज्ञानी पुरुषांचीं कामें धर्मशिक्षणाच्या वर्गांतील तिघां मुलांस दिलीं. त्यांना गुडघे टेकणें म्हणजे काय हें घरींच ठाऊक होतें. गृहस्थ आले तेव्हां त्यांस हें दाखविलें. "इतकेंच?" असें म्हणून ते थोडा वेळ पाहत उभे राहिले. मुलगी सुरेख गाइली. आजीबाई आल्या नाहींत. पुढील वर्षीं त्यांनीं मुलीस रंगमंचावर मुळींच घेऊं नये असें कळविलें. कारण सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. दिव्यांच्या कामास ठेवूं काय, एवढेंच विचारलें. ते हो म्हणाले.

दिव्यांचें काम आम्ही मुद्दाम सांगतों. वगळलेल्या मुलास ग्रंथालयांत एकटें बसवून ठेवणें ही शिक्षाच होय, मग तोंडानें आपण तिला सवलत म्हणूं. कथेंतही पुष्कळ जागा आहे. जनगणनेचा हुकूम वाचणारा शिपाई आहे, हेरोदाचे शास्त्री आहेत, निवेदक आहे, तबला आहे, पडदा आहे. धर्मशाळेचा मालक आहे. त्याचें नांवही शुभवर्तमानांत नाहीं, तो आमच्या नाटककारांनीं कल्पिलेला, आणि तरी मुलें याच कामासाठीं सर्वांत अधिक भांडतात! मात्र चारचौघांत "तूं कां नाहींस रे?" असें त्या मुलास कोणी विचारूं नये. आणि मूलच रडूं लागलें, मला देवदूत व्हावयाचें आहे, बाबा नको म्हणतात, तर? हा प्रसंग खरोखर अवघड आहे. अशा वेळीं शिक्षकानें मुलाची बाजू घेऊन घरीं भांडण लावूं नये. मंदिरांत शास्त्र्यांस थक्क करणारा बारा वर्षांचा येशू त्यानंतर नासरेथास जाऊन मातापित्यांच्या आज्ञेंत राहिला, हें आम्हीच मुलांस शिकवितों.

याच्या उलट टोंकाची चूकही होत आहे. हरकतीच्या भयानें कांहीं शाळांनीं नाताळांतून ख्रिस्तासच रजा दिली आहे. गव्हाण नाहीं, मरिया नाहीं, योसेफ नाहीं. लाल टोपीचा म्हातारा, कापसाचा बर्फ आणि कानठळ्या बसविणारें संगीत! ज्या किनाऱ्यावर डिसेंबरांतही भर दुपारीं घाम पुसावा लागतो तेथें एवढा बर्फ पडलेला पाहून आम्हांस तर हसूं येतें. चौथ्या शतकांतील मायराचा बिशप संत निकोलस यानें या म्हाताऱ्यांत स्वतःस ओळखलें नसतें. यांत अन्यधर्मीयांचा आदर आहे असें समजणें हा भ्रम होय. त्या पित्यानें बेथलेहेम काढून टाका असें म्हटलें नव्हतें. त्यानें आपली मुलगी एका नमस्कारापुरती सोडवून मागितली होती. इतरांच्या मुलांचा सण मागितला नव्हता. आणि ही कथा या भाषेंत कालपरवां आलेली नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 सालीं गोव्यास आले. त्यांचें ख्रिस्तपुराण 1616 सालीं रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथांत येशूजन्म मराठींत गाइलेला आहे. चारशेंहून अधिक वर्षें जी कथा मराठींत उजळ माथ्यानें वावरली, ती आज आमच्याच शाळेंत तोंड लपवून कां यावी?

म्हणून पालकाचा अधिकार जेथें संपतो ती रेषाही सांगितली पाहिजे. तो आपल्या मुलापुरता पूर्ण आहे. शेजाऱ्याच्या मुलावर तो चालत नाहीं. शाळेंत ज्याचें मूलच नाहीं असा कोणी चार माणसें घेऊन येऊन सारा कार्यक्रम बंद करा म्हणूं लागला, तर त्यास आदरानें बसवावें, पाणी द्यावें, पालकांच्या संमतिपत्रांची फाइल पुढें ठेवावी आणि कार्यक्रम करावा. 2023 च्या डिसेंबरांत मध्य प्रदेशांतील शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीं, पालकांच्या लेखी परवानगीवांचून मुलांस सांताक्लॉज इत्यादि वेष देऊं नयेत, असा आदेश काढला. आमच्यापैकीं अनेकांस तो झोंबला. त्यामागील संशय आम्हांसही बोचतो. परंतु परवानगी घेणें ही गोष्ट आम्हांस कोणी शिकवावी लागूं नये. ती आमच्याच शिकवणींतून निघते, आणि ज्यानें ती आधींच घेतली आहे त्यास आदेशाचें भय उरत नाहीं.

एक हरकत आमच्याच माणसांकडूनही येते. मरियेचें काम अख्रिस्ती मुलीस कां दिलें, असें मागें एका भगिनींनीं विचारलें. तिच्या आईबापांची खुशी असेल व मुलगी तें मर्यादेनें करील, तर आम्हांस त्यांत वावगें दिसत नाहीं. देवदूत नासरेथास ज्या कुमारिकेकडे आला तिचा तरी स्नानसंस्कार कोठें झाला होता? मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वीं देवळांत जो प्रवेश होतो त्याची गोष्ट निराळी. तो उपासनेचाच भाग असल्यानें धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलेंच करतील.

यंदाच्या पत्राचा मसुदा सभागृहाच्या दाराशीं टेबलावर ठेवला आहे. त्यावर "वार्षिक सांस्कृतिक कार्यक्रम" असें नांव होतें. तें खोडून "येशूजन्माचा नाट्यप्रवेश" असें आम्हीं लिहिलें आहे. प्रार्थना कोणती, ती कोठें येते, गुडघे कोण टेकणार, हेंही त्यांत दिलें आहे. खालीं तीन रकाने आहेत: सर्व भागांस संमति, प्रार्थना व वंदन सोडून इतर भागांस संमति, आणि असंमति. कारण लिहिण्यासाठीं रकाना ठेवलेला नाहीं. पालकांनीं तें वाचून कांहीं सुधारणा असल्यास आजच सुचवाव्या. भरलेलीं पत्रें आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे यावीं. कामांची वांटणी त्यानंतर होईल.